चौथ्या इंजेक्टरची रिंग

शीकाकांना किळस येणार नाही अशी वस्तू अजून जगात तयार व्हायचीये, असं त्यांची बायको म्हणते. पंचवीस वर्षं ती हे बघतेय, तेव्हा तिचं म्हणणं खरंच धरलेलं बरं. ओला साबण. दुसऱ्याचा कंगवा. बेसिनच्या जाळीत अडकलेलं शीत. कपाच्या काठावर सुकलेली साय, आणि तो कप तसाच पुढे करणारा माणूस. पाहुण्यांनी हात पुसलेला टॉवेल काका दोन बोटांच्या चिमटीत धरतात, अंगापासून हातभर लांब ठेवून बादलीपर्यंत नेतात आणि वाटेत "शी!" म्हणतात. मोठ्याने म्हणतात, पाहुणा अजून दारात चपला घालत असला तरी. गॅरेजातही तेच. म्हणून त्यांचं खरं नाव आता फक्त वीजबिलावर उरलंय, बाकी सगळ्यांचे ते शीकाका.

असा माणूस गॅरेजात आलाच कसा, हे कोणीही विचारील. तर गॅरेज त्यांच्या ताईच्या नवऱ्याचं. काका पंचविशीत बेकार होते आणि भाऊजी म्हणाले, ये. पहिल्या आठवड्यात काका दोनदा ओकले. एकदा रेडिएटरमधलं कुजकं पाणी अंगावर उडालं म्हणून, आणि एकदा वेल्डरने ज्या फडक्याने नाक पुसलं त्याच फडक्याने जेवणाचा डबा पुसला म्हणून. दुसरा कोणी मालक असता तर त्याने सरळ घरी पाठवलं असतं. भाऊजी पोट धरून हसले आणि म्हणाले, "तुला घाण सोसत नाही ना? मग तुला असं काम देतो, की तिथं घाण चालतच नाही."

ते काम म्हणजे इंजेक्टर. इंजिनात पेट्रोलची फवारणी करणारे बोटाएवढे चार इंजेक्टर असतात, आणि त्या चौघांना पेट्रोल पुरवणारी एक आडवी नळी असते, तिला रेल म्हणतात. प्रत्येक इंजेक्टरचं एक टोक रेलच्या भोकात बसतं, दुसरं इंजिनात. दोन्ही टोकांना रबराची एकेक रिंग. ती रिंग करंगळीच्या नखाएवढी, पण सगळी अब्रू तिच्या हातात. ती फाटली, दुमडली, तिच्याखाली वाळूचा एक कण राहिला, की पेट्रोल तापलेल्या इंजिनावर ठिबकायला लागतं. पुढे काय होतं ते सांगायला नको.

काकांची किळस इथे कामी आली. गॅरेजाच्या कोपऱ्यात त्यांनी आपलं टेबल मांडलं, त्याभोवती पडदा लावला, त्यावर स्टीलचा ट्रे आणि रोज धुतलेलं पांढरं फडकं. पडद्याच्या आत चहा न्यायचा नाही, शिंकायचं नाही, आणि वेल्डरने तर यायचंच नाही. जुनी रिंग परत लावायची नाही. निघाल्या तितक्या रिंगा मोजून ट्रेमध्ये ठेवायच्या, हे भाऊजींनीच पहिल्या दिवशी शिकवलेलं. काम झालं की रेलच्या दोन्ही बोल्टांवर काका बायकोच्या बाटलीतल्या हिरव्या नेलपॉलिशचा एकेक ठिपका द्यायचे. कोणी मागाहून बोल्टला हात लावला तर ठिपका तुटतो आणि चोरी पकडली जाते. सत्तावीस वर्षांत गिऱ्हाइकांनाही त्याची इतकी सवय झाली, की गाडी नेताना लोक बॉनेट उघडून आधी हिरवा ठिपका बघायचे.

तर हे सगळं सुखाने चाललेलं असताना काकांची दाढ किडली. दाढ काढली, गाल सुजला आणि काका तीन दिवस घरी बसले. तीन दिवस त्यांनी बायकोला रक्ताच्या चवीचं इतकं वर्णन ऐकवलं, की तिने शेवटी जेवण सोडलं. चौथ्या दिवशी ते गॅरेजात आले, तर दारात सिस्टरची गाडी उभी.

सिस्टर म्हणजे पलीकडच्या हॉस्पिटलातली नर्स. धिप्पाड, कमी बोलणारी, आठ वर्षांची जुनी गिऱ्हाईक. आठवड्यातून दोनदा आईला डायलिसिसला नेते, त्यासाठीच ती गाडी.

"काका, गाडीत पेट्रोलचा वास येतोय," ती म्हणाली. "परवा तुमच्याकडून इंजेक्टर करून नेली तेव्हापासून. आईला काल गाडीत उलटी झाली. मला वाटलं, तिच्या आजाराने झाली असेल. आज मलाच गरगरलं तेव्हा कळलं."

"आणि चालवत आणलीत?" काका ओरडले. "अहो, धक्का मारून आणायची! पेटली असती म्हणजे?"

सिस्टरचा चेहरा जरा उतरला, कारण काल मागच्या सीटवर कोण बसलं होतं ते तिला आठवलं असणार.

काकांनी गाडीचं दार उघडलं आणि लगेच मिटलं. आतला वास वर्णन करण्यासारखा नव्हता, पेट्रोल एकीकडे आणि कालची उलटी एकीकडे. त्यांचा सुजका गाल आणखी ओढला गेला. नाकाला फडकं लावून त्यांनी बॉनेट उघडलं. रेलच्या खाली, चौथ्या इंजेक्टरच्या बुडाशी, ओलं. त्यावर धूळ बसून चिखल झालेला. आणि एका इंजेक्टरवर ग्रीसचा अख्खा अंगठा उमटलेला, ओळखपत्रावर मारावा तसा.

"शी! शी शी शी! कुठल्या रेड्याने केलंय हे?"

काका एकदा सुटले की थांबत नाहीत. बॅटरीची वायर काढताना सुटले, रेलमधलं पेट्रोलचं प्रेशर उतरवताना सुटले, इंजेक्टरचे विजेचे प्लग सोडवताना तर त्यांनी त्या अज्ञात माणसाच्या सात पिढ्यांची आंघोळ काढली. हे हात आहेत का खूर? याने जेवताना तरी हात धुतले असतील का? असल्या माणसाला इंजेक्टरच काय, पायपुसणंसुद्धा झटकायला देऊ नये! वेल्डर नुसता उभा राहून ऐकत होता. एरवी तो काकांच्या प्रत्येक शिवीवर दात काढतो, आज काढत नव्हता.

रेल सोडवण्यासाठी काकांनी बोल्टला पाना लावला आणि तिथेच त्यांचा हात थांबला. बोल्टवर हिरवा ठिपका होता. दुसऱ्यावरही. मधोमध दिलेला नव्हता, कडेला ओघळलेला होता, पण रंग त्यांच्याच बाटलीतला.

काका पाना घेऊन वळले. वेल्डरने घसा खाकरला आणि तोंडाने काही न बोलता केबिनकडे डोळे फिरवले. केबिनमध्ये भाऊजी बसतात. बसतातच फक्त. दोन वर्षांपासून त्यांनी पाना हातात धरलेला कोणी पाहिला नव्हता. गुडघे दुखतात म्हणायचे.

काकांना किळस आली. ग्रीसची नव्हे, या गोष्टीची. भाऊजींनी केलं तर केलं, मालक आहेत. घाण केली, तीही एक वेळ गिळता येईल. पण वर त्यावर माझा ठिपका? दुसऱ्याचा टूथब्रश उचलून तोंडात घालावा तसला हा प्रकार! ज्या माणसाने रिंगा मोजायला शिकवलं, त्याने माझ्या ड्रॉवरमधून बाटली काढून, माझ्या नावाखाली ही घाण एका आजारी बाईच्या गाडीत भरून पाठवली. शी.

त्यांनी रेल चारही इंजेक्टरांसकट उचलली आणि पडद्याआड टेबलावर ठेवली. एकेक इंजेक्टर काढला. पहिले तीन गलिच्छ, पण धड. चौथ्याची वरची रिंग नवी होती आणि अर्धी कापलेली होती. नवी रिंग अशी कापली का जाईल? काकांनी रेलचं चौथं भोक दिव्याखाली धरलं आणि त्यांना ते दिसलं. आत, तळाशी, जुनी रिंग तशीच चिकटून बसली होती. "शी! जुनी रिंग आतच ठेवलीये!" ते ओरडले. इंजेक्टर ओढताना ती त्याच्याबरोबर बाहेर आलीच नाही, आणि करणाऱ्याने न बघता त्याच भोकात नव्या रिंगेचा इंजेक्टर दाबून बसवला. एका भोकात दोन रिंगा. मोजल्या असत्या तर जुन्या रिंगा आठऐवजी सातच भरल्या असत्या. काकांनी लाकडी काडीने ती रिंग अलगद उचकटली, भोक पुसलं, परत पुसलं, आणि ती चिकट काळी रिंग मुठीत घेऊन, दुसऱ्या हातात रेल धरून बाहेर आले.

तोवर आरडाओरडा ऐकून भाऊजी केबिनच्या बाहेर आले होते. सिस्टर त्यांना विचारत होती, "मालक, हे काम कोणी केलं, एवढं सांगा मला."

भाऊजींनी एकदा काकांच्या दिशेने पाहिलं. "कोणी म्हणजे? ठिपका बघा ना. आमच्या मेहुण्याचंच काम," ते म्हणाले. "दाढ दुखत होती ना त्याची, त्या घाईत झालं असणार. आता वय झालं हो त्याचंही."

काकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वेल्डर खाली बघायला लागला. सत्तावीस वर्षं या माणसाच्या घरचं जेवलोय, ताईच्या हातचं, आणि हा माझ्या तोंडावर, माझ्या गिऱ्हाइकासमोर! घाणीची किळस येणं वेगळं. माणसाची किळस अशी येते, की त्याच्या शेजारी उभं राहवत नाही.

"इकडे या," काका म्हणाले. आवाज नेहमीसारखा मोठा नव्हता. त्यांनी रेल उचलून भाऊजींच्या समोर धरली, चौथं भोक वर करून, भर उजेडात. "बघा या भोकात. काय दिसतंय ते सिस्टरना सांगा."

त्यांच्या मनात होतं, की भाऊजी म्हणतील, काही नाही, भोक रिकामं आहे. मग मूठ उघडायची, ती रिंग सगळ्यांसमोर नाचवायची आणि विचारायचं, की ही आत्तापर्यंत आत कशी होती? मोजल्या होत्यात का रिंगा? शिकवणारे मोठे!

भाऊजी वाकले. बराच वेळ वाकून राहिले. मान जरा डावीकडे केली, जरा उजवीकडे. मग सरळ होऊन म्हणाले, "आहे ना. जुनी रिंग आत राहिलीये. दिसतेच आहे की. म्हटलं ना, घाई केलीस तू."

भोक रिकामं होतं. आत नुसता लख्ख धातू चमकत होता, चार पावलांवरून वेल्डरलासुद्धा दिसत होता. पडद्याआडून काका रिंगेच्या नावाने बडबडत होते ते भाऊजींनी ऐकलं होतं, आणि ऐकलेलं ते आता सांगत होते.

काकांची मूठ तशीच राहिली. आतली रिंग तळहाताला चिकटली होती. ही मूठ उघडली की भाऊजी संपले, हे त्यांना कळलं. सगळ्या गॅरेजाला कळेल, गल्लीला कळेल, संध्याकाळपर्यंत वरच्या मजल्यावर ताईलाही कळेल. भाऊजी तसेच उभे होते, छाती काढून, बरोबर उत्तर दिल्यासारखे.

"हो," काका म्हणाले. "राहिलीये आत. चुकलंच माझं."

आयुष्यात इतकं घाणेरडं काही त्यांच्या तोंडात आलं नव्हतं. ते पडद्याआड गेले आणि दोन वेळा साबणाने हात धुतले.

मग त्यांनी काम केलं. इंजिनातल्या चारही बैठका ब्रशने साफ केल्या, खाली कचरा पडू नये म्हणून आधी भोकांत फडक्याचे बोळे कोंबले, आणि नंतर चारही बोळे मोजून बाहेर काढले. आठ नव्या रिंगा. प्रत्येकीला बोटाने तेलाचा पुसट हात. इंजेक्टर सरळ, अंगठ्याने दाबून, पिळून नाही. बसल्यावर प्रत्येकाला दोन बोटांनी फिरवून बघितलं, मोकळा फिरतो म्हणजे रिंग दुमडलेली नाही. रेल चौघांसकट इंजिनावर टेकवली, दोन्ही बाजूंनी सारखी दाबत खाली नेली, बोल्ट थोडा इकडे थोडा तिकडे करत आवळले. पाइप, प्लग, बॅटरी. इंजिन सुरू न करता किल्ली तीनदा फिरवून पेट्रोलचं प्रेशर भरू दिलं आणि प्रत्येक इंजेक्टरभोवती कोरा पांढरा कागद फिरवला. कागद कोराच राहिला. मग इंजिन सुरू करून परत कागद. हे सगळं करताना त्यांनी एकदाही तोंड उघडलं नाही, आणि वेल्डर नंतर म्हणाला, की त्यालाच भीती वाटायला लागली होती. गाडीची मागची सीटसुद्धा काकांनी स्वतः धुतली. कोणी सांगितलं नव्हतं.

सिस्टर शेवटपर्यंत स्टुलावर बसून होती. किल्ली घेताना ती हळू आवाजात म्हणाली, "ते भोक रिकामं होतं, काका. मी रोज डोळ्यांच्या वॉर्डात असते. मला कळतं."

काकांनी मान खाली घालून फडक्याची घडी करायला घेतली.

"तुम्ही त्यांना सांभाळून घेतलंत, छान केलंत. सगळे म्हणतील, किती मोठं मन!" ती म्हणाली. "पण या गाडीत माझी आई बसते. तिच्या जिवावर खोटं बोललात तुम्ही. मला तुमची किळस आली, खरं सांगते."

ती गेली. आजवर काकांनी शेकडो माणसांची किळस केली होती. त्यांची कोणी केली नव्हती, निदान तोंडावर तरी नाही. त्यांना राग आला, मग लाज आली, आणि मग एकदम दुसराच विचार आला. ते तीन दिवस घरी होते. तीन दिवसांत एकच गाडी आली असेल का?

केबिनमध्ये भाऊजी पंख्याकडे तोंड करून बसले होते. काकांनी दार लावून घेतलं.

"त्या भोकात काही नव्हतं. होय ना?" भाऊजींनीच विचारलं.

"नव्हतं."

"तू गप्प झालास तेव्हाच कळलं मला. तू कधी गप्प होतोस?" भाऊजी हसायला गेले, पण हसू आलं नाही. "मग हो कशाला म्हणालास?"

"तुम्ही माझ्यावर कशाला ढकललंत?"

काका समोर बसले नाहीत, उभेच राहिले. "ते जाऊ द्या. किती गाड्या केल्यात तीन दिवसांत?"

"लोक म्हणतात, गॅरेज आता मेहुण्याचंच आहे, मालक नुसता गल्ल्यावर," भाऊजी म्हणाले. "म्हटलं बघावं. हाताला सवय आहे, डोळे नसले तरी जमेल. बोटांनी चाचपून—"

"किती गाड्या?"

"तीन."

"म्हणजे अजून दोन बाहेर फिरतायत."

"अरे, तीन केल्या म्हणून तीनही बिघडल्या असतील असं थोडंच आहे! ही एक झाली. बाकीच्या ठीक असतील. आता घरोघर फोन करून ओरडून सांगितलं तर चाळीस वर्षांचं नाव मातीत जाईल. त्यापेक्षा तू उद्या जा, काही निमित्त काढ, हळूच बघून ये. ठिपका तुझाच आहे. कोणाला कळायचं नाही."

"उद्या?" काका म्हणाले. "आणि आज रात्री त्यातली एखादी पेटली तर? माझ्या ठिपक्यासकट? मघाशी तुमचं खोटं एकदा गिळलंय मी. अजून घशाशी येतंय. दुसऱ्यांदा नाही गिळणार. आता तुम्ही बोलता का मी बोलू? मी बोललो तर सगळं बोलेन, तुमच्या डोळ्यांसकट, आणि आधी वर जाऊन ताईला सांगेन."

भाऊजी बराच वेळ टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत बसले. बाहेर वेल्डरने मशीन बंद केलं होतं, त्यामुळे केबिनमध्ये पंख्याचा आवाज फार मोठा वाटत होता. मग त्यांनी ड्रॉवर उघडून गिऱ्हाइकांची वही बाहेर काढली आणि उघडली. पान उलटलं. वही डोळ्यांजवळ नेली, लांब नेली, परत जवळ नेली. मग ती टेबलावर ठेवून काकांकडे सरकवली.

"तू नंबर लाव," ते म्हणाले. "बोलणार मी."

काकांनी पहिला नंबर लावून फोन त्यांच्या हातात दिला. पलीकडे घंटा वाजली, कोणीतरी उचललं.

"मी गॅरेजातून बोलतोय, मालक," भाऊजी म्हणाले. "तुमची गाडी आहे तिथेच राहू द्या, किल्ली फिरवू नका. आमचा माणूस येतोय आत्ता. नाही, त्याने नाही केलं ते काम. ठिपका त्याचा आहे, हात माझे होते." ते थांबले. आतून काहीतरी वर यायला जोर लागावा तसे थांबले. "मला दिसत नाही हो. दोन वर्षं झाली. घरीसुद्धा कोणाला सांगितलं नाही."

पलीकडचा माणूस ओरडत होता, ते काकांना उभ्या जागी ऐकू येत होतं. भाऊजींनी फोन कानापासून लांब धरला नाही. सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं, दोनदा "हो, बरोबर आहे तुमचं" म्हणाले, आणि मग फोन समोर काका असतील अशा अंदाजाने पुढे केला.

"दुसरा लाव," ते म्हणाले.